लवू भंडारी दार ओढतो

वायरीच्या लवूला सगळा गाव लवू भंडारी म्हणत असे. हे त्याचं आडनाव नव्हे आणि जातही नव्हे. बोटीवर खलाशांचं जेवण रांधणाऱ्याला भंडारी म्हणतात, आणि लवूने एकोणीस वर्षं तेलाच्या बोटींवर रांधलं होतं. त्याच्या हातची डाळ खाऊन एका ग्रीक कप्तानाने म्हणे लग्नाची मागणी घातली होती. लवूला नव्हे, डाळीला. हे लवूच सांगे. आता खरं-खोटं करायला ग्रीसला कोण जाणार?

असा हा माणूस १९८७ च्या फेब्रुवारीत आखातातून घरी आला, उजव्या तळहातावर भाजल्याचा रुंद पट्टा घेऊन, आणि दुसऱ्याच दिवसापासून त्याच्या घरात फोडणी बंद झाली.

झालं असं, की त्याची बायको सुगंधा हिने नवरा आला म्हणून हौसेने डाळ शिजवली, तेल तापवलं आणि मोहरी टाकली. मोहरी तडतडली मात्र, पडवीत बसलेला लवू नाहीसा झाला. ती शोधत मागीलदारी गेली तर हा माडाच्या आळ्यात उकिडवा, दोन्ही हातांनी कान दाबून. सुगंधाला वाटलं, बोटीवरची काहीतरी मस्करी असेल. ती हसली. मग तिला त्याची ओली लुंगी दिसली आणि तिचं हसू जागच्या जागी आटलं.

तेव्हापासून त्या घरात सगळं उकडून, वर कच्चं खोबरं. भाजीवर खोबरं, डाळीवर खोबरं, माशाचंही नुसतं शिजवलेलं तिखलं, तळण नाही. स्टोव्ह तर सुगंधाने पोत्यात गुंडाळून माळ्यावर टाकला, कारण त्याचा घुं आवाज ऐकला की लवूचे दात एकमेकांवर आपटत. शेजारच्या घरांत फोडण्या पडायच्या त्या वेळी, म्हणजे दहा ते बारा, लवू किनाऱ्यावर जाऊन बसे. वारा गावाकडून सुटला की तिथूनही उठून पाण्यात गुडघाभर उभा राही. कोकणातला एक उत्तम आचारी फोडणीच्या वासाला भिऊन समुद्रात उभा, हे दृश्य बघायला पोरं जमायची. हसायला धजावत मात्र कुणी नसे. त्याचा चेहराच तसा होता.

गावाने आपल्या परीने उपाय केले. सुगंधाचे चुलते दाजी हे गावातल्या सर्व विषयांचे जाणकार. भजनात ते मुख्य गात आणि त्यांना सूर सोडला तर सगळं येत असे. दाजींनी निदान केलं की लवूला आगीचा वारा लागलाय. त्यावर अंगारा झाला, नारळ झाला, कोंबडा झाला. कोंबड्याचा रस्सा फोडणीशिवायच करावा लागला आणि देवालासुद्धा तो आवडला नसावा, कारण गुण काही आला नाही.

खरी गोष्ट लवू कुणालाच सांगत नव्हता. बोटीवर रॉकेट पडलं, आग लागली, आणि आरोंद्याचा सत्यवान त्यात गेला, एवढं सगळ्यांना ठाऊक होतं. आखातात तेव्हा दोन देशांची लढाई जुंपली होती आणि तिसऱ्यांच्या बोटी मधल्यामध्ये जळत होत्या. सत्यवान हा त्याच बोटीवरचा तरुण खलाशी. मुंबईतल्या कचेरीत लवूची पाच वेळा जबानी झाली होती. पाचही वेळा तो म्हणाला होता, ‘त्यानंतर दरवाजा बंद झाला.’ कारकुनाने तसंच लिहून घेतलं होतं, आणि लवूने सही केली होती. डाव्या हाताने.

दसरा झाला आणि आरोंद्याहून निरोप आला. सत्यवानाची आई नर्मदाकाकी हिने सांगून पाठवलं होतं की पौषात वर्षश्राद्ध आहे. माझ्या मुलाची राखसुद्धा मला मिळाली नाही, नुसती त्याच्या सामानाची पेटी आली. शेवटी त्याच्याजवळ जो होता त्याने माझ्या घरी येऊन जेवावं, आणि मुलगा कसा गेला ते मला सांगावं.

लवूने निरोप ऐकला आणि त्या रात्री तो जेवला नाही. जावं तर लागणारच होतं. मेलेल्याच्या आईने पानावर बोलावलं आणि आपण गेलो नाही, तर पुन्हा कुणाच्याच पानावर बसायची लायकी उरत नाही, हे त्याला कुणी सांगायला नको होतं. आणि श्राद्ध म्हणजे वडे. वडे म्हणजे कढईभर उकळतं तेल. आणि त्या तेलाशेजारी बसून सांगायचं ते वाक्य. हातात अडीच महिने होते.

कुडाळला एका धर्मादाय दवाखान्यात दर बुधवारी पणजीहून एक डॉक्टरीणबाई येत, मनाच्या दुखण्यांच्या. नाव शुभदा. मूळच्या पुण्याच्या, चाळिशीच्या, डोळ्यांवर जाड भिंग. सुगंधाने नवऱ्याला एस. टी.त घातलं आणि तिथे नेऊन उभं केलं. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि जो उपाय सांगितला तो ऐकून सुगंधाला वाटलं, यापेक्षा दाजींचा कोंबडा बरा. बाई म्हणाल्या, ज्याला तुम्ही भिता, त्याच्याजवळ जायचं. हळूहळू, पायरीपायरीने, पण जायचं, आणि भीती उतरेपर्यंत तिथून उठायचं नाही. शिवाय दर बुधवारी इथे डोळे मिटून ती सकाळ पहिल्यापासून सांगायची, आत्ता घडतेय अशी. एकदा नव्हे, परत परत. तिची टेप करायची आणि ती टेप घरी रोज ऐकायची.

‘म्हणजे जा इसरूक बघतंय, ताच पाठ करूचा?’ लवूने बायकोला विचारलं. बाईंना त्याने अर्थात शुद्ध भाषेत होकार दिला.

बाईंनी समजावलं, भीती भरतीसारखी असते, चढते आणि पळून गेला नाहीत तर आपोआप ओसरते. पाऊण तास लागतो. लवूला हे पटेना. भरतीला सहा तास लागतात, पाऊण तासात ओसरणारी भरती त्याने एकोणीस वर्षांत पाहिली नव्हती, आणि ते त्याने सविस्तर सांगितलं. बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं आणि पुढे कधी भरतीचं नाव काढलं नाही.

टेपरेकॉर्डर लवूचा स्वतःचा होता, आखातातल्या बंदरात घेतलेला. पण कोरी कॅसेट सापडेना, म्हणून त्याने दाजींच्या भजनाची उचलली.

पहिल्या बुधवारी लवू खुर्चीत ताठ बसला आणि डोळे मिटून सांगू लागला. सकाळचे अकरा वाजले आहेत. मी भटारखान्यात डाळीला फोडणी देत आहे. सत्यवान कोठीतून कांदे आणावयास गेला आहे. मोठा आवाज होतो. मध्येमध्ये बाई विचारत, शून्य ते शंभरात आत्ता किती भीती? लवू सांगे, सत्तर, पंच्याऐंशी. मग तो म्हणे, ‘त्यानंतर दरवाजा बंद होतो,’ आणि लगेच पाण्यात उतरवलेल्या होडीवर येई. घामाने शर्ट भिजे. बाई म्हणत, परत पहिल्यापासून. तो परत सांगे. चार बुधवार असे गेले. भीती पंच्याऐंशीवरून पंच्याऐंशीवर आली. उलट रात्री तो आधीपेक्षा जास्त ओरडू लागला, आणि सुगंधाने बाईंना मनातल्या मनात मालवणी बाईला येतील तेवढ्या सगळ्या शिव्या घातल्या.

पाचव्या बुधवारी बाईंनी टेप सुरूच केली नाही. त्यांनी विचारलं, ‘बोटीवर तुम्ही आणि सत्यवान कुठल्या भाषेत बोलायचा?’

‘मालवणीत.’

‘मग मला कुठल्या भाषेत सांगताय?’

 लवूला ही अडचण वाटलीच नव्हती. कचेरी, डॉक्टर, मास्तर यांच्याशी शुद्ध बोलायचं, हे इस्त्रीचा शर्ट घालण्यासारखं. तो म्हणाला, तुम्हाला समजणार नाही. बाई म्हणाल्या, अडलं तर विचारीन. आणि दरवाजा बंद होतो असं नका म्हणू. कसा होतो ते सांगा.

लवूने डोळे मिटले. बाईंनी टेपचं बटण दाबलं.

‘अकरा वाजले आसत,’ तो म्हणाला. ‘मी फोडणी घालतंय. मोहरी तडतडता. सत्यवान म्हणता, लवूदा, कांदे हाडतंय. तो खाली जाता. मगे…’  बाईंनी आकडा विचारला नाही. ‘मगे तो आवाज. सगळा वाकडा होता. डाळ माझ्या पायार. मागल्या खोलीत सात जणां जेवतत, ती बोंबलतत. माझ्या म्होरं लोखंडी दार आसा, उघडां. भायर बोळ. बोळातसून सत्यवान धावत येता. हातात कांद्यांचो पिसवो. तेच्या मागसून आग येता. ती मोहरीसारी वाजता. तो माका बघता. तो म्हणता, ओढ.’

लवूचा उजवा हात खुर्चीवरून आपोआप वर उठला आणि हवेतलं काहीतरी त्याने घट्ट धरलं.

‘मी दार ओढतंय,’ तो म्हणाला. ‘बंद जाता खंयचां? मियां ओढलंय. तापलेलां दार, ह्या हातान ओढलंय. तो भायर.’

मग तो जे रडू लागला त्याला बाईंनी थांबवलं नाही, पण उठूही दिलं नाही. टेप फिरत राहिली. पाऊण तासाने त्या म्हणाल्या, परत पहिल्यापासून. लवूने त्यांच्याकडे असं पाहिलं, की हातात झारा असता तर प्रकरण पोलिसात गेलं असतं. पण त्याने परत सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना त्याला ते कळलं जे त्याने वर्षभर दाबून ठेवलं होतं. प्रश्न दाराचा नव्हता. ‘ओढ’ म्हणजे काय, हा होता. दार ओढून घे, असं सत्यवान म्हणाला? की मला ओढ, आत ओढ, असं?

‘तुम्हाला काय वाटतं?’ बाईंनी विचारलं.

‘ठाव नाय.’

‘मलाही नाही ठाऊक,’ बाई म्हणाल्या. त्या दिवशी लवूचा त्यांच्यावर पहिल्यांदा विश्वास बसला.

पण विश्वास बसला म्हणून पाय उचलतोच असं नाही. पुढले दोन बुधवार लवू घरून निघाला, मालवण स्टँडवर कुडाळची गाडी निघून जाताना पाहिली, एक सोडा प्याला आणि संध्याकाळी घरी येऊन म्हणाला, बाई रजेवर आहेत. हे दाजींच्या नजरेला पडलं, म्हणजे सुगंधाच्या कानावर गेलंच. ती भांडली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने चूल पेटवली, लोखंडी पळी घेतली आणि पडवीत येऊन म्हणाली, ‘आज मी फोडणी घालतंय. तुमी बसा नायतर समुद्रात जावा. माका काय आता उरलेला आयुष्य कच्च्या खोबऱ्यावर काढूचा नाय.’

लवू उठला. दारापर्यंत गेला. मग आत येऊन चुलीपासून चार हातांवर पाटावर बसला आणि पाटाच्या कडा धरल्या.

मोहरी तडतडली. त्याचे ओठ पांढरे पडले. सुगंधाने विचारलं, आकडो? तो म्हणाला, पंचाण्णव. तिला शंभराच्या हिशेबातलं काही कळत नव्हतं, पण नवरा उठला नाही एवढं कळलं. तिने दुसरी पळी टाकली. ‘आकडो?’ पंचाण्णव. तिसरी. सहाव्या पळीला ऐंशी झाले. नवव्याला तो म्हणाला, हिंग जळलां. अकराव्या पळीला त्याने पाटाच्या कडा सोडल्या. भीती पन्नासावर आली होती. घरातली मोहरी संपली होती. त्या अकराही फोडण्या सुगंधाने एकाच डाळीवर ओतल्या आणि ती डाळ दोघांनी खाल्ली. एका फोडणीच्या डाळीने ग्रीक कप्तान पाघळला होता. अकरा फोडण्यांची खाऊन तो बोट सोडून पळाला असता.

त्यानंतर टेप रोज दुपारी चार वाजता वाजू लागली. लवू पडवीत बसे, सुगंधा आत तांदूळ निवडत ऐके. सगळं तिला अशा रीतीने कळलं, आणि त्याबद्दल ती त्याच्याशी एक शब्द बोलली नाही. फक्त त्याच्या उजव्या हाताला झोपताना खोबरेल चोळू लागली. टेपमध्ये एक गंमत होती. बेचाळीस मिनिटं आग, दार, रडणं, आणि ते संपलं की एकदम खर्रर्र होऊन दाजींचं जुनं भजन उरलेल्या जागेत सुरू होई, मधूनच, पखवाजासकट. सुरुवातीला लवूला ते ऐकूही येत नसे. पौष लागला तेव्हा त्याच्या लक्षात आलं, की दार ओढण्याच्या जागी आता आपण तिसावर आहोत आणि दाजींच्या वरच्या सुराला चाळिसावर. हे बाईंना सांगितल्यावर त्या इतक्या हसल्या, की भिंगं काढून पुसावी लागली.

तरीही ‘ओढ’ या शब्दापाशी आकडा साठाखाली येईना. तेवढा साठ सोबत घेऊनच आरोंद्याला जायचं होतं.

श्राद्धाच्या दिवशी लवू एकटाच गेला. सुगंधा म्हणाली येते, तो नको म्हणाला. सावंतवाडीला गाडी बदलताना त्याने परतीच्या गाडीकडे एकदा पाहून घेतलं. आरोंद्याला खाडीच्या काठी नर्मदाकाकीचं घर. अंगणात चार पुरुष आणि भटजींची घाई. नर्मदाकाकी मागच्या मांगरात, म्हणजे घरामागच्या खोपटात, वडे तळत होती, साठीची, काटक. लवू दारात उभा राहिला. आत कढई उकळत होती. त्याने चौकट धरली.

‘लवू काय रे तू? ये, बस,’ ती म्हणाली. ‘माका उठाक गावाचा नाय, घाणो कढयेत आसा. जेवच्या आदी सांग. नायतर माका गिळाचा नाय.’

ती कढईच्या पलीकडे, तो अलीकडे. मध्ये तेल. लवूने डोळे मिटले आणि सांगायला सुरुवात केली. आणि इथे एक चूक झाली. अडीच महिने त्याला जी सवय लावली होती तीच, आत्ता घडतंय अशी, भाषा तोंडात आली. ‘अकरा वाजले आसत,’ तो म्हणाला. ‘सत्यवान माझ्या बाजूक उबो आसा. तो हसता.’

झाऱ्याचा आवाज थांबला. लवूने डोळे उघडले. नर्मदाकाकी त्याच्या बाजूच्या रिकाम्या जागेकडे बघत होती. वर्षभर सगळे तिच्याशी होतो, गेलो, म्हणजे होता, गेला, असंच बोलत होते. आसा, म्हणजे आहे, म्हणणारा हा पहिला.

‘सांग,’ ती म्हणाली.

त्याने सांगितलं. कांदे, बोळ, आग. तेल तडतडत होतं आणि त्याच्या मानेवरून घाम वाहत होता, पण तो उठला नाही. ‘तो म्हणता, ओढ. काकी, मी दार ओढतंय. तो भायर रवता.’ तो थांबला. ‘तेना माका ओढ म्हटल्यान, काय दार ओढ म्हटल्यान, माका ठाव नाय. मियां दार ओढलंय.’

 अंगणातून कुणीतरी विचारलं, वडे झाले काय.  लवू वाट बघत होता: ती शाप देईल, झारा फेकून मारील, उठून जा म्हणेल. त्याला आकडा विचारायला कुणी नव्हतं, पण तो शंभराच्या वर होता.

‘तेची ती खोडच होती,’ शेवटी ती म्हणाली. ‘सगळ्याक ओढ. जाळां ओढ, विडी ओढ, दार ओढ. ल्हान असताना पायरेवर बसान माका हात दाखवी, आये, ओढ.’ ती कढईकडे बघत राहिली. ‘खंयचां ओढ ता तेचा तेका ठाव. सात जणां वाचली मां?’

‘व्हय.’

‘तेंचे आवशी बऱ्यो आसत?’

‘आसतीत.’

सात घरच्या आया बऱ्या असतील, यावर तिने मान हलवली. माफ केलं असं ती म्हणाली नाही. केलं नाही असंही म्हणाली नाही. नुसती बसली, झारा हातात तसाच. चुलीतली लाकडं मागे सरकून विझत आली होती, तेलाचा आवाज बसला होता, आणि कढईतले चार वडे फुगायचे सोडून तेल पीत पडले होते.

लवूने ते पाहिलं. न पाहणं त्याला शक्यच नव्हतं. माणसाची भीती कितीही मोठी असो, एकोणीस वर्षांच्या आचाऱ्याला थंड तेलातला वडा बघवत नाही.

‘काकी,’ तो म्हणाला, ‘तेल निवलां.’

‘मगे बघतंस काय?’

तो उठला, चुलीपाशी बसला आणि लाकडं आत सारली. जाळ उसळला. त्याचं अंग एकदा मागे गेलं आणि परत पुढे आलं. त्याने तिच्या हातातून झारा घेतला, उजव्या हातात. बिघडलेले चार वडे काढून बाजूला ठेवले, तेल पुन्हा तापेपर्यंत थांबला आणि नवा वडा कडेने अलगद सोडला. तो तळाशी गेला, वर आला आणि फुगला.

‘बोटीवर माझ्या झिलाक असलेच देयस?’ तिने विचारलं.

‘ह्याच्यापेक्षा बरे.’

ती पहिल्यांदा त्याच्या हाताच्या पट्ट्याकडे बघत होती. मग तिने परातीतलं पीठ पुढे ओढलं, गोळा घेतला, आणि केळीच्या पानावर थापू लागली.

‘परत सांग,’ ती म्हणाली. ‘पयल्यापासून. तो हसता म्हटलंस, तो कित्याक हसता ता सांगूक नाय.’

अंगणातले भटजी तोपर्यंत दोनदा खाकरून झाले होते. त्या दिवशी आरोंद्यात पानं वाढायला तीन वाजले.